न मोजलेली ढोरं

तांडा, मुकुटबनजवळ
ता. ८ मे १९६१

माया नेमा,

तुयं पत्र मिळालं अन् मी ते तीनदा वाचलं. एकदा मनातल्या मनात, एकदा तुया बापाले ऐकवाले, अन् एकदा तांड्याच्या नायकाच्या ओसरीवर. तिथं कोणी वाच म्हणलं नव्हतं, पण मीच वाचलं. दोन हिवाळे प्रौढांच्या वर्गात पाटी घेऊन बसली ते काय फुकट?

ढोरांच्या डॉक्टरीचं कॉलेज असते हे मले ठाऊकच नव्हतं. मले वाटे का सुई टोचाले येते तो स्टॉकमन असाच येते, पोस्टमन येते तसा. त्याले कोणी शिकवत असन हे डोक्यातच आलं नाही. आता रोज नवीनच काहीबाही मनात येते. त्या कॉलेजात ढोरं राहतात का? वर्गात आणतात का भाइर बांधतात? मास्तर ढोराच्या कोणत्या अंगानं उभा राहते? माया सासरा म्हणे, डाव्या अंगानं जाव. बकरीची डॉक्टरी तीच का वेगळी? अन् हत्तीची कोणी शिकवते का? कोण्या राजाचा हत्ती खोकलाले लागला तं तो कोणाले बलावते?

रहमत नालबंद परवा आपल्या बैलाले नाल ठोकाले आला होता. त्याले सांगतलं तं म्हणे, "बिजलीबाई, पोट्टा डॉक्टर झाल्यावर बैलाचा पाय कोण धरन? मीच पाय धरू, मीच नाल ठोकू, अन् साहेब निस्ती सही करन?" मी म्हणली, सही तं करू दे, तुया नालावर आजवर कोणाची सही होती?

पण तू एक लिहिलं का "जमलं तर". जमलं तर म्हणजे काय? अन् राळेगावच्या शाळेतून मास्तरकीची चिठी आली होती, तिचं काय केलं? सारं उलगडून लिहिजो. उन्हात टोपी घालजो. तुयी माय म्हणते, तुपाचा डबा तुया खोलीतल्या शब्बीरले एकट्याले खाऊ देऊ नको.

तुयी दादी
बिजली


यवतमाळ
१५ मे १९६१

प्रिय दादी,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. कॉलेजात ढोरं असतात, मोठा गोठा आहे, आणि आजारी ढोरांचा दवाखानाही आहे. बकरी, घोडा, कोंबडी सगळं एकाच कॉलेजात. हत्तीचंही शिकवतात असं शब्बीर म्हणतो, पण शब्बीर काहीही म्हणतो. डाव्या अंगाचं मी विचारून सांगेन.

आता "जमलं तर" चं. जागा साठ आहेत. मागच्या वर्षी अर्ज चारशेच्या वर होते. माझे इंटर सायन्सचे मार्क बरे आहेत, पण चारशे जणांत पुढे काढतील एवढे नाहीत. मात्र दहा जागा ढोरं पाळणाऱ्या घरच्या मुलांसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. माझी सगळी भिस्त त्या दहांवर आहे. त्यासाठी पटवाऱ्याचा दाखला लागतो की घरी जनावरं आहेत, आणि किती आहेत. पटवारी तांड्यावर येऊन पाहून दाखला देईल. बाबांना सांग. अर्ज दहा जूनच्या आत नागपूरला पोचला पाहिजे.

राळेगावच्या शाळेला मी एक जुलैपर्यंत थांबा असं कळवलं आहे. कॉलेज मिळालं नाही तर मी मास्तर होणार, आणि मग पुन्हा अर्ज करायला मला कोणी सुट्टी देणार नाही, हे मला कळतं.

अर्जासोबत एक पान लिहून द्यायचं आहे, "मला माहीत असलेली जनावरे" या विषयावर. मी लिहिलं, "गाय हा अत्यंत उपयुक्त प्राणी आहे." शब्बीरनं वाचलं आणि म्हणाला, ही गाय पुस्तकातून उठून कधी चरायला गेली का रे? तेव्हापासून पान कोरं आहे. दादी, आपल्या घरी ढोर आजारी पडणार हे सगळ्यात आधी तुला कळतं. कसं कळतं? मी कधी विचारलंच नाही. लिहून पाठव.

तुझा
नेमसिंग


तांडा
२३ मे १९६१

नेमा,

कसं कळते म्हणून इचारतं तं मीच बसून पाहाले लागली का आपल्याले कसं कळते. कालचा सारा दिवस कोठ्यात त्यातच गेला. तुयी माय म्हणे, सासूबाई आज गाईकडं अशा काय पाहून राह्यल्या, जशी पहिल्यांदा पायली.

तं ऐक. चांगल्या ढोराच्या नाकावर दव असते. ते वाळलं का समजाव. कान धराव, कानाचं टोक थंड लागलं तं पोटात काई तरी आहे. पाणी पेताना ढोर आवाज करत नाही, आजारी असलं का आवाज करते. रवंथ थांबला म्हणजे तं आंधळ्यालेही कळन. अन् सगळ्यात आधी काय होते सांगू? ते बाकीच्याइकडं पाहणं सोडते. गाई एकमेकीकडं गंज वेळ पाहतात, तुले वाटते उगाच उभ्या आहेत. आजारी गाय भितीकडं पाहते.

अजून एक, हे नीट ध्यानात ठेवजो. ढोर खाता खाता मान लांब करून उभं राह्यलं, जीभ भाइर आली, गळ्याखाली सूज आली, सूज हाताले गरम लागली अन् श्वास करवतीसारखा वाजाले लागला, तं मंग टाईम नसते. सकाळी सूज दिसते अन् सूर्य डोक्यावर येते तवर सारं होऊन जाते. हे तुया पानात नको लिहू. हे आपलं तुले माहीत असाव म्हणून.

आता माया प्रश्न. गाय दुपारी डोळे मिटून रवंथ करते तवा ती झोपली असते का जागी? तिले सपनं पडतात का? पुस्तकात पाहून ठेवजो.

पटवारी येऊन गेला. नवीनच आहे, पोरगेलासा, घामानं भिजला होता. तुया बाप बंडी घेऊन पांढरकवड्याच्या सडकेवर गिट्टी वाहाले गेला, तो पंधरा दिवस येत नाही, म्हणून सारं मीच पायलं. त्याले ताक पाजलं, भाकर खाऊ घातली. ढोरं रानात होती. तो इचारे, "आजी, ढोरं किती?" मले हसू आलं. मी म्हणली, "बाप्पा, आपल्या घरी मोजाचं असं काई नसते." त्यानं दोनदा इचारलं, मी दोनदा तेच सांगतलं. चांगला पोरगा, भांडला नाही, लिहून घेतलं. कागद या पत्रात घडी करून टाकला. त्याचं अक्षर गिचमिड आहे, मले लागलं नाही, पण शिक्का छान उठला.

मले तं आतापासूनच तू डॉक्टर झाल्यासारखं वाटून राह्यलं.

तुयी दादी


यवतमाळ
२८ मे १९६१

दादी,

पटवाऱ्याच्या कागदावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो: "पाळीव जनावरे : निरंक. मोजदाद करण्याजोगे जनावर घरी नाही असे घरच्या वृद्ध स्त्रीने समक्ष सांगितले." निरंक म्हणजे एकही नाही.

हा कागद लावला तर त्या दहा जागांत माझा अर्ज उघडूनसुद्धा पाहणार नाहीत. न लावला तरी तेच. बाबा सडकेवर आहेत, आज बारा दिवस उरले आहेत, आणि मार्कांच्या फेरतपासणीचे कागद इथं मिळायचे आहेत, ते सोडून मला येता येत नाही.

मोजायचं नसतं हे मलाही माहीत आहे. मी त्याच घरचा आहे. पण दादी, उद्या त्या कॉलेजात मला दिवसभर मोजावंच लागेल. नाडी मोजायची, श्वास मोजायचा, ताप मोजायचा. तू एकदा, फक्त एकदा, एक आकडा सांगितलास तर काय होणार आहे? पटवाऱ्याला पुन्हा भेट. नाही जमलं तर तसं कळव, मी राळेगावला होकार लिहून टाकतो.

नेमसिंग


तांडा
३ जून १९६१

नेमा,

तुयं पत्र वाचून मी पहिले रागावली, मंग घाबरली, मंग इचार कराले बसली. तिन्ही सांगते. पत्र लांब होईन. दोन इनलँड घेतले आहेत.

मी दहा वर्सांची असन. माया बापाची लदेणी होती, बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मीठ न्याचं, धान्य आणाचं. एका नदीच्या उतारावर नाका होता. नाक्यावरचा कारकून म्हणे, बैल मोजल्याबिगर पल्याड जाता येत नाही. आमच्या आधीच तीन तांडे अडले होते. साऱ्याइचे बैल एका बाभळीच्या कुंपणात घातले अन् तीन दिवस तिथंच ठेवले. तो कारकून हातात छडी घेऊन एकेकाले शिवे अन् आकडा म्हणे. मी पायलं आहे. आठव्या दिवशी बुळकांडी सुरू झाली. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, अन् मंग जुलाब. आमची लदेणी त्या पावसाळ्याआधी संपली. माया बापानं त्यानंतर बैल घेतला नाही, दुसऱ्याच्या वावरात गेला.

आमच्यात मोजत तं आधीपासूनच नव्हते. सांजेले ढोरं आली का एकेकीले नावानं हाक माराची अन् तोंड पाहाचं, म्हणजे कोण आलं, कोण नाही ते कळते. पण मी मोजत नाही ते जुन्या लोकाइनं सांगतलं म्हणून नाही. मी त्या छडीमुळं मोजत नाही.

आता मायं कोडं ऐक. रहमतचा बाप बी नालबंद होता. एका बैलाले आठ नाल लागतात, तो बैल मोजून नाल काढे, मोजून पैसे घेऊन जाये. त्यानं मोजलेल्या बैलाले कधी काई झालं नाही. मंग त्या छडीत असं काय होतं? आकड्यानं ढोर मरते का? तू शिकलेला आहेस. पुस्तकात पाहून सांग. मले राग येणार नाही. मले खरंच जाणून घ्याचं आहे, इतके वर्सं कोणाले इचाराव हेच समजत नव्हतं.

आता पटवारी. मी परवा पायी मुकुटबनले गेली. तो कचेरीत होता. म्हणली, कागद बदलून दे. तो म्हणे, आकडा सांगा, लगेच देतो. मी म्हणली, आकडा मायाजवळ नाही, नावं आहेत, लिहून घे.

"आजी, सरकारात नावाचा रकाना नाही."

"मंग पाठीमागं लिही. कागदाले पाठ असते ना?"

तो हसला. पण त्याच्या मागं एक म्हातारा कोतवाल बसला होता तो म्हणे, लिहा साहेब, हे लोक मोजत नाहीत, मागच्या पटवाऱ्याची बी हीच गत झाली होती. मंग तो लिहाले बसला. मी म्हणत गेली, तो लिहीत गेला. कपिली, तिची वासरी टिकली, बांडी, मोरी, काबरी, बंडीसंग सडकेवर गेलेला धवळा अन् त्याच्या जोडीचा पाखऱ्या, म्हशीत गंगी अन् चांदी, असं सारं. प्रत्येकीचं थोडं थोडं सांगतलं, कोण कोणाची, कोण मारकी. तो म्हणे, स्वभाव नको, निस्तं नाव. तरी "मारकी" त्यानं दोन जागी लिहिलं, मी पायलं.

मंग म्हणे, आता समोरच्या बाजूले आकडा टाकावा लागन. मी उठून दाराइकडं तोंड करून उभी राह्यली. मांगं पेनचा आवाज आला. तोंडानं त्यानं आकडा म्हणला नाही, पोरगा समजदार आहे. दुसऱ्या दिवशी चौकशीले तो स्वतः सायकलवर आला, कोठ्यात जाऊन पाहून गेला, तवा बी मी भाइरच उभी होती.

कागद नोंदणीच्या टपालानं आजच धाडला. समोरच्या बाजूचा आकडा मले कधी सांगू नको.

दादी


यवतमाळ
२३ जून १९६१

प्रिय दादी,

कागद सात तारखेला मिळाला, अर्ज नऊला पोचला, आणि काल नागपूरला मुलाखत झाली. रात्रभर बसमध्ये होतो, तरी झोप येत नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझं कोडं. मी इथल्या मास्तरांना विचारलं, त्यांनी एक पुस्तक दिलं, ते एका रात्रीत वाचलं. बुळकांडी एका ढोराकडून दुसऱ्याला जाते, लाळेतून, पाण्यातून, श्वासातून. लागण झाल्यावर लगेच दिसत नाही. आठ दिवसांत दिसते. त्या कुंपणात चार तांड्यांचे बैल तीन दिवस एकमेकांना खेटून उभे होते, एकाच डोणीतलं पाणी पीत असतील. त्यांतल्या एखाद्याला आधीच लागण झालेली असणार. आकड्यानं काही झालं नाही दादी. पण मोजण्यासाठी अडवून ठेवलं नसतं तर तुझ्या बापाचे बैल नदी ओलांडून गेले असते. तुला वाटत होतं त्यात अर्धं खरं होतं. माझ्या पानावर मी हेच लिहिलं. गाय उपयुक्त प्राणी आहे हे खोडून टाकलं.

मुलाखतीला तिघं होते. मधले म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी माझं पान वाचलं, मग पटवाऱ्याचा दाखला उचलला, आणि उलटा केला. पाठीमागची नावं वाचायला लागले. बाजूच्याला म्हणाले, हे काय आहे? मग मला म्हणाले, "घरी ढोरं किती?"

मी समोरच्या बाजूचा आकडा पाठ करून गेलो होतो. पण तोंडातून आकडा निघेना. मी नावंच सांगायला लागलो. सांजेला तू हाका मारतेस त्याच क्रमानं. ते बोट ठेवून कागदावर जुळवत होते. मी म्हणालो, भुरी. त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, "भुरी यात नाही."

मी म्हणालो, आहे, कपिलीच्या शेजारी बांधतात. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. खरंच नव्हती. दुसरे साहेब म्हणाले, दाखल्यापेक्षा तुझं एक ढोर जास्त होतंय, खरं काय?

दादी, मला तिथंच कळलं. तू कोणाला विसरत नाहीस. आणि तू मला पत्रात गळ्याखालच्या सुजेचं एवढं बारीक लिहिलं होतंस, आणि पानात लिहू नको म्हणाली होतीस.

मी म्हणालो, दाखला खरा आहे. ती मेली असेल. माझ्या अर्जाची धावपळ म्हणून दादीनं कळवलं नसेल. चष्म्यावाल्यांनी विचारलं, कशानं? मी तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं, मान, जीभ, गरम सूज, करवतीसारखा श्वास, सकाळ ते दुपार. म्हणालो, मला वाटतं घटसर्प. त्यांनी विचारलं, तू पाहिलंस? मी म्हणालो, नाही, दादीनं पाहिलं. त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, बसा, पाणी प्या.

मिळेल की नाही ते सांगता येत नाही. यादी तीस तारखेला लागणार आहे. मी तुझ्यावर रागावलो नाही. फक्त केव्हा झालं ते लिही.

आणि रवंथ करताना गाय झोपलेली असते की जागी, हे मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, दोन्हींच्या मधे, आणि यावर अजून कोणाला पुरतं माहीत नाही.

तुझा नेमा


कार्ड
नागपूर, ३० जून १९६१

दादी, यादीत नाव आहे. दहांत सातवं. राळेगावला नकार आजच टाकला. पंधरा जुलैला हजर व्हायचं. नेमसिंग.


तांडा
६ जुलै १९६१

माया नेमा,

कार्ड आलं तवा मी वावरात होती. तुयी माय पळत आली, तिले वाचता येत नाही पण कार्डावर कमी अक्षरं पाहून ती म्हणे, वाईट असन, वाईट असलं का लोक थोडंच लिहितात. मी वाचलं अन् मातीतच बसली. मंग नायकाच्या ओसरीवर गेली. त्यानं गुळ वाटला. रहमतले कळलं तं तो सायकल घेऊन आला अन् म्हणे, आता बैलाचा पाय मीच धरीन, साहेबाले सही करू द्या. तुया बापानं बंडीच्या बैलाच्या शिंगाले नवी दोरी गुंडाळली, अन् त्याले कोणी कारण इचारलं नाही.

भुरीचं सांगते. एकोणीस मेले गेली. आदल्या दिवशी अवकाळी पाणी पडलं होतं, अन् सकाळी ती मान लांब करून उभी होती. स्टॉकमन सोळा मैलावर. शेजारच्या इंदूबाईच्या लेकाले सायकलवर धाडलं, तो पोचला तवा इकडं संपलं होतं. तुया पत्रात मी ते सारं लिहिलं कारण लिहिल्याबिगर राहवत नव्हतं, अन् तिचं नाव लिहिलं नाही कारण तुयं पान कोरं होतं. चूक झाली असन तं असो. साहेबाइच्या समोर तुले असं कळाव हे मात्र माया मनात नव्हतं.

पुस्तकातलं तू लिहिलं ते मी साऱ्याइले वाचून दाखवलं. आता पुढल्या आठवड्यात टोचणीवाला येणार आहे. दरवर्सी नायक साऱ्या तांड्याची ढोरं एका जागी गोळा करते. मी म्हणली, यावेळी नाही, एका घरची झाली का दुसऱ्या घरची आणाची. नायक म्हणे, बिजली, टाईम लागन. मी म्हणली, लागू दे. तो मानला. डॉक्टरची दादी म्हणून मानला, मायं म्हणणं म्हणून नाही, पण मानला.

आता एक काम सांगते. पहिल्या दिवशीच नको इचारू, मास्तराले वाटन पोट्टा घरचं रडणं घेऊन आला. थोडी वळख झाली का त्या चष्म्यावाल्याले इचारजो. सकाळी सूज दिसली, दवाखाना सोळा मैल, घरात निस्ती म्हातारी. तं तिनं त्या अर्ध्या दिवसात काय कराव? काई करता येत होतं का नाही? मले बरं वाटाव म्हणून काई लिहू नको. आधी शिकजो. खरं काय ते कळलं का मंग लिहिजो, चार वर्सं लागली तं चार.

तवर मी रोज सांजेले हाक मारल्यावर एकेकीच्या गळ्याखाली हात लावून पाहते.

तुयी दादी
बिजली